मारहाणीच्या घरात वाढणाऱ्या पोराचा याकूत सिनेमा कसा बघायचा

आधी मॅप उघडा, खरंच. याकुतिया म्हणजे रशियातलं साखा रिपब्लिक, क्षेत्रफळ 30 लाख चौरस किमीच्या वर आणि माणसं जेमतेम 10 लाख. हे डोक्यात नसेल तर अर्ध्या तासात तुम्ही वैतागून म्हणाल की हा पोरगा घर सोडून जात का नाही, आणि तिथेच सिनेमा हातातून निसटतो. उणे 45 डिग्रीत रात्री बाहेर पडून जाणार कुठे? शेजारी, नातेवाइकांकडे, फार तर गावातली घरं गरम ठेवणाऱ्या बॉयलर हाउसमध्ये, बास. म्हणून अशा सिनेमात दाराकडे लक्ष ठेवा. दार उघडलं की पांढरी वाफ जमिनीलगत आत घुसते, आणि ती दिसली की पोरगा आधी बापाची चाल बघतो, चेहरा नंतर.

घराबाहेर बर्फाचे ठोकळे रचलेले दिसले तर ते पिण्याचं पाणी आहे, तळ्यातून कापून आणतात आणि घरात वितळवतात. लाकूड फोडणं, बर्फ आत आणणं, गुरं बघणं यात पोरंही असतातच, त्यामुळे कुऱ्हाड दिसली म्हणून लगेच दचकू नका, पण ती कुठे ठेवली ते मात्र लक्षात ठेवा.

आता कायदा, कारण याच्याशिवाय आईचं गप्प बसणं कळत नाही. रशियात घरगुती हिंसेसाठी वेगळा कायदाच नाही. वरून फेब्रुवारी 2017 पासून घरच्यांना पहिल्यांदा मारलं आणि गंभीर दुखापत झाली नाही तर तो फौजदारी गुन्हाच धरत नाहीत, 5,000 ते 30,000 रूबल दंड किंवा 10 ते 15 दिवस कोठडी किंवा थोडी समाजसेवा, विषय संपला. दंड भरायचा तोही घरच्याच पैशातून, म्हणजे आईने तक्रार केली तर महिन्याचा खर्च तिनेच भागवायचा आणि मारणारा काही दिवसांत परत त्याच चुलीपाशी. त्यामुळे कथा 2017 च्या आधीची आहे की नंतरची हे आधी बघून घ्या, पोलिसांच्या सीनचा अर्थच बदलतो.

सबटायटलचं सांगतो. रशियन डबिंग असलेली कॉपी टाळा, मूळ साखा भाषेतल्या, म्हणजे याकूत लोकांच्या भाषेतल्या आवाजाचीच घ्या. लोक बोलता बोलता मधेच रशियनवर जातात आणि ऑटो सबटायटल तिथे हमखास गोंधळतात. सिनेमा सापडत नसेल तर नाव रशियन अक्षरांत सर्च करा. आणि हे काहीतरी हौशी काम असेल असं समजू नका, बजेट छोटं असतं पण 2018 मध्ये मॉस्को फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस एका साखा सिनेमानेच नेलं होतं.

जूनमधला इस्याख आला, म्हणजे त्यांचा उन्हाळ्याचा सण, तर फोन बाजूला ठेवा. घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस, ठेवणीतले कपडे, आणि सगळे हात धरून गोल फेर धरतात. बाप त्या फेरात असेल तर त्याच्या दोन्ही बाजूला कोण आहे ते बघा, सगळं माहीत असूनही त्याचा हात कोणी धरलाय ते, आणि पोरगा फेरात शिरतो की बाहेर उभा राहतो.

स्वतः असं घर बघितलेलं कुणी सोबत बसणार असेल तर सिनेमा आधी एकट्याने बघून घ्या आणि मारहाणीचे सीन कुठे आहेत ते त्यांना सांगून ठेवा, सरप्राइज जाईल पण जाऊ दे.