पशुवैद्यकीय दवाखाना निवडताना इतरांचे अनुभव कसे विचारावेत

प्राणी पाळणाऱ्या शेजाऱ्यांना ‘डॉक्टर चांगले आहेत का’ एवढेच विचारून थांबू नये; कुत्र्याला गोचीड-ताप आला तेव्हा रक्त तपासले का, औषधाची मात्रा वजन करून ठरवली का आणि रात्री-अपरात्री फोन उचलला का, हे नेमके विचारावे. गोड बोलण्याची स्तुती माझ्या मते फारशी उपयोगाची नसते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियमानुसार पशुवैद्यकाची नोंदणी आवश्यक असल्याने त्यांचा नोंदणी क्रमांक स्वतः पाहावा. रेबीजची लस टोचल्यावर कुपीवरील लेबल लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवून त्यावर तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. मांजर असल्यास कुत्र्यांपासून वेगळी बसण्याची सोय आहे का, हे विचारावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मात्र आजारी मांजराला घरातले पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये, कारण ते मांजरांना विषारी ठरते.