बॅकगॅमन मॅच: स्कोअर न बघता क्यूब फिरवण्याच्या चुका टाळा

७ पॉइंटांची मॅच आहे, तुम्ही ५-३ ने पुढे आहात आणि चालू डाव जिंकण्याची शक्यता ७० टक्के आहे. पैशांच्या सुट्या डावांची सवय असलेला हात लगेच क्यूबकडे (डावाची किंमत दुप्पट करणाऱ्या फाशाकडे) जातो. आवरा! समोरचा डबल घेईल (दुप्पट किंमत मान्य करेल) आणि पुढच्याच पाळीला क्यूब ४ वर नेऊन तुमच्याकडे सरकवेल. २ वर हरला तरी त्याची मॅच जाणारच होती, त्यामुळे ४ करून त्याचे जादा काही जात नाही. जिंकला तर ३ आणि ४ मिळून ७. सगळी मॅच एका डावावर आली आणि तुमच्या हाती ७० टक्केच उरले.

क्यूबला हात लावला नसता तर? जिंकून ६-३, तिथे मॅच जिंकण्याची शक्यता साधारण ८२ टक्के. हरून ५-४, तरी ६० च्या आसपास. ०.७ × ८२ + ०.३ × ६० म्हणजे सुमारे ७५. त्यात क्यूब १ वर असताना गॅमन (समोरच्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघण्याआधी मिळवलेला, दुप्पट पॉइंटांचा विजय) झाला तर २ पॉइंट मिळून मॅच तिथेच संपते, आणि हा हिशेबात धरलेलाच नाही. (समोरचाही पुढे डबल देऊ शकतो, म्हणून आकडा ढोबळच समजा.)

उलट तुम्हीच ३-५ ने मागे असाल तर मात्र क्यूब लवकर फिरवा. क्यूब २ वर असताना गॅमन ४ पॉइंटांचा, म्हणजे तुम्हाला हवा तेवढाच.

५-५ ला चूक डबल घेणाऱ्याची होते. जिंकण्याची शक्यता २५ टक्के असली की घ्यायचे, हा सुट्या डावांचा नियम इथे चालत नाही. डबल नाकारून डाव सोडलात तर ५-६ च्या क्रॉफर्ड डावात (एखादा खेळाडू मॅचपासून एक पॉइंट दूर आल्यावरचा पहिला डाव) साधारण ३० ते ३२ टक्के उरतात आणि घेतलेला क्यूब परत फिरवून काहीच मिळत नाही. म्हणून २८ टक्क्यांची स्थिती सोडा.

त्या क्रॉफर्ड डावात क्यूब बंद असतो, पण मागे असलेल्याला गॅमन मिळाला की मॅच त्याची. त्याने ६-४ च्या पहिल्या फाशावर आपले दोनचे घर बांधावे (तिथे दोन सोंगट्या ठेवाव्यात), एरवी कुरूप दिसले तरी.

क्रॉफर्डनंतर मागचा खेळाडू ‘जरा डाव जमू दे’ म्हणत थांबतो. कशासाठी? डाव हरला तर मॅच जातेच, मग पहिल्या संधीलाच डबल द्यावे. पुढे असलेल्याने समोरच्याला अजून किती पॉइंट हवेत ते मोजावे: सम असतील (६-५, ६-३) तर एक डाव जवळपास फुकट सोडता येतो, म्हणून स्थिती थोडी जरी वाईट असली तरी सोडावा. ६-४ ला गॅमनची मोठी भीती नसेल तर घ्यावाच.

आणि ६-६ ला गॅमनची भीती पूर्ण विसरा. समोरच्याच्या घरातल्या मागच्या सोंगट्या घाईने बाहेर काढू नका, मार खाऊन पट्टीवर जाण्याची जोखीम पत्करा. हरणे एकाच मापाचे आहे.