टिपणी खरी लिहा: सरकारी टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

पैसे खायचे नाहीत, हे ठरवूनच बरीच मुलंमुली सरकारी नोकरीत येतात. कोणी पाकीट पुढे केलं तर त्यांना नाही म्हणता येतं. पंचाईत होते ती "एवढी फाईल नियमात बसवून पुट अप कर" असं कोणी जाता जाता सांगून गेल्यावर. मी महाराष्ट्राच्या महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या हातात अधिकार थोडे असतात, पण फाईलवरचं पहिलं वाक्य तोच लिहितो. ते खरं, पूर्ण आणि त्याच दिवशीच्या तारखेचं असलं, की पुढे चुकीची सही करणं कोणालाही जड जातं. म्हणून इथे मी मुख्यतः टिपणीबद्दलच, म्हणजे साहेबांच्या निर्णयासाठी फाईलवर लिहिल्या जाणाऱ्या मजकुराबद्दलच, बोलणार आहे.

टिपणीत प्रकरण काय आहे, कागद काय सांगतात, नियम किंवा शासन निर्णय काय म्हणतो आणि तुमचा प्रस्ताव काय, एवढं यायला हवं. कागदाचा उल्लेख करताना पत्रव्यवहार बाजूचा, म्हणजे फाईलमध्ये पत्रं आणि कागद लावतात त्या भागाचा, पान क्रमांक लिहा. यातलं बहुतेक सगळे लिहितात. गाळला जातो तो प्रस्तावाच्या विरुद्ध जाणारा कागद. एखाद्या वारसाची हरकत फाईलमध्ये आहे, पण टिपणीत तिचा शब्दही नाही, असं होतं. साहेबांसमोर फायलींचा ढीग असतो, ते टिपणी वाचून सही करतात. तुम्ही हरकत लिहिली नाहीत म्हणजे त्यांच्यापासून ती लपवलीत, मग ती पान 14 वर लावलेली असो वा नसो. हरकत तुम्हाला निरर्थक वाटत असेल तर तसं लिहा, कारणासह. पण लिहा.

आता खरेदीचं उदाहरण घेऊ, कारण नवीन माणूस इथेच सापडतो. तीन दरपत्रकं येतात. लेटरहेड तीन, शिक्के तीन. नीट बघितलं तर तिन्हींत वस्तूंचा क्रम एकच, 'प्रिंटर'मधला अनुस्वार तिन्हीकडे गायब, आणि तारखाही एकाच दिवसाच्या. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर टाईप झाली असावीत, हे तुम्हाला कळतं. अशा वेळी भांडू नका आणि कोणावर आरोपही करू नका. डोळ्यांना दिसलं ते लिहा: "तिन्ही दरपत्रकांतील तपशिलाचा क्रम, मजकूर व शुद्धलेखनाच्या चुका एकसारख्या आहेत. दरपत्रके स्वतंत्रपणे प्राप्त झाल्याची खात्री होत नाही. नव्याने दरपत्रके मागविणे उचित होईल. आदेशार्थ सादर." यात एकही शब्द तुम्हाला सिद्ध करता येणार नाही असा नाही. यावर कोणीही "अनावश्यक शंका" असा शेरा मारला, तर तो शेरा त्याच्या सहीने फाईलवर राहतो.

बहुतेक वेळा तसा शेरा कोणी मारत नाही. फाईल परत येते ती "चर्चा करावी" एवढं लिहून. हे दोन शब्द ओळखायला शिका. चर्चा करण्यात गैर काहीच नाही, कित्येक गुंते समोरासमोर बोलूनच सुटतात. पण केबिनमध्ये तुम्हाला सांगितलं जातं, "ती टिपणी काढ, दुसरी लिही." इथे थांबायचं. लिहिलेली टिपणी काढायची नाही, फाडायची नाही, त्यावर चिकटपट्टी लावायची नाही. तिच्याखाली नवी टिपणी लिहायची. तीही "चर्चेप्रमाणे फेरसादर" एवढीच नको. काय चर्चा झाली, कोणाशी, कोणत्या तारखेला आणि काय सूचना मिळाली, हे दोन ओळींत मांडा. पानांना शाईने क्रमांक घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ई-ऑफिसवर काम असेल तर तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, ती मोठी सोय आहे. मागची तारीख टाकून सही कोणाच्याही सांगण्यावरून करायची नाही.

तोंडी आदेशांचंही तसंच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांचा नियम 3 स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. आपल्या बुद्धीला पटेल तसं काम करायचं, वरिष्ठांच्या निर्देशानुसार वेगळं करायचं असेल तर ते निर्देश शक्यतो लेखी घ्यायचे आणि तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची, असं त्यात आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 2013 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असं बजावलं. हे साहेबांना ऐकवायची गरज नाही. त्याच दिवशी फाईलवर लिहा: "मा. महोदयांनी आज दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार पत्राचा मसुदा सादर. सूचनेस कृपया पुष्टी मिळावी." सूचना व्हॉट्सॲपवर आली असेल तर प्रिंट काढून फाईलला लावा आणि पान क्रमांक घाला. भाषा नम्र ठेवा. चांगल्या अधिकाऱ्याला याचा राग येत नाही, उलट त्यालाही त्याने संरक्षण मिळतं.

एक फरक मात्र समजून घ्या. साहेबांचा निर्णय तुम्हाला पटला नाही, पण तो त्यांच्या अधिकारात आणि कायद्यात बसतो, तर आपलं मत नोंदवून काम करायचं, रेंगाळायचं नाही. आपलं ऐकलं नाही म्हणून फाईल दाबून ठेवणं ही सचोटी म्हणता येणार नाही. निर्णय कायद्याविरुद्ध असेल तर तो कोणत्या नियमात बसत नाही हे लिहून सादर करायचं आणि पुढे तसं पत्र काढायचं नाही.

फाईल दाबण्यावरून सांगते. पैसे न मागताही लोकांना नाडता येतं, आणि ते त्रुटी काढून. अर्जदार येतो, त्याला सांगतात सातबारा जुना आहे. तो नवा आणतो, मग प्रतिज्ञापत्र नाही. ते आणतो, मग ओळखपत्राची प्रत साक्षांकित नाही. दरम्यान फाईल प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, म्हणजे उत्तराची वाट बघत ठेवलेल्या फायलींत, त्यामुळे कागदोपत्री काहीच थकलेलं नाही. तिसऱ्या खेपेला बाहेरचा दलाल त्या माणसाला गाठतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण त्या माणसाचा दर वेळी एका दिवसाचा रोजगार बुडतो. अर्ज आल्यावर एकदाच पूर्ण तपासा, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा, पत्राची पोच ठेवा. बदल्या आणि दप्तर दिरंगाईबाबतचा 2005 चा कायदा सांगतो की साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवेला विनाकारण उशीर केला तर 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. भिंतीवर सेवांची यादी लावलेली असते, ती आधी तुम्ही वाचा.

नात्यातलं, भावकीतलं किंवा ज्यात तुमचा पैसा गुंतलाय असं प्रकरण टेबलावर आलं तर फार विचार करू नका. "अर्जदार माझे नातेवाईक असल्याने सदर प्रकरण अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावे" एवढं लिहून मोकळे व्हा.

पैशांबद्दल थोडंच सांगते. "काम नियमाचंच होतं, त्याने खुशीने दिलं" ही सबब भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 समोर टिकत नाही. नियमातल्या कामासाठी घेतलं तरी गुन्हाच. स्वतः न घेता शिपायाकडे किंवा एजंटकडे द्यायला लावलं तरी गुन्हाच, शिक्षा तीन ते सात वर्षं. तुमच्या नावावर बाहेर कोणी पैसे उकळत असेल तर लगेच वरिष्ठांना लेखी कळवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे, तो पाठ ठेवा आणि नागरिकांनाही द्या.

हे सगळं केल्यावर बदली होऊ शकते, हे मी लपवणार नाही. टेबल काढून घेतात, बैठकीला बोलवत नाहीत, काही सहकारी जेवायला सोबत घेत नाहीत. त्या 2005 च्या कायद्यानुसार मुदतीआधी बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ती घेतली नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, दाद मागता येते. त्या वेळी तुमच्या तारीखवार टिपण्याच कामाला येतात. तोपर्यंत फाईल तुमच्या ताब्यात नसणार, आणि सरकारी कागद घरी नेणं चूकच. म्हणून एक साधी डायरी ठेवा: फाईल क्रमांक, तारीख, विषय, काय सादर केलं, एवढंच. नंतर त्याच क्रमांकावरून माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागता येते. आणि टेबल सोडताना कार्यभार यादीत प्रत्येक प्रलंबित फाईल तिच्या शेवटच्या पान क्रमांकासह लिहा, घेणाऱ्याची सही घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा.