गोव्यात नवीन आलात? सुशी आणि एशियन जेवणाबद्दल थोडं सविस्तर

बदली होऊन किंवा नवी नोकरी धरून गोव्यात येणारी मराठी मंडळी पर्वरीत सतत भेटतात. कोणी वेर्ण्याच्या कंपनीत लागलेलं असतं, कोणी मोपाच्या विमानतळावर. घर मिळालं, गॅस आला, मुलांच्या शाळेचं मार्गी लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बाहेर जेवायला कुठे जायचं? फिश थाळीचं कोणाला सांगावं लागत नाही. अडतं ते ऑफिसातले सहकारी आसगावला किंवा हणजुणेला सुशी, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भातावरचा जपानी, बहुधा कच्चा मासा, खायला घेऊन गेले की. मेन्यूतलं निम्मं कळत नाही, विचारायला संकोच वाटतो, मग शेजारच्याने मागवलं तेच आपण मागवतो. तो संकोच पहिल्याच दिवशी सोडा, एवढ्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. समुद्र उशाला आहे, म्हणजे इथली सुशी ताजीच असणार, असं जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस धरून चालतो. पण सुशीच्या ताटातला केशरी सॅल्मन आपल्या समुद्रात होतच नाही. तो थंड पाण्यातला मासा आहे, मुख्यतः नॉर्वेसारख्या देशातून, मत्स्यशेतीत वाढवलेला येतो. खुद्द जपानमध्येही कच्चा सॅल्मन सुशीवर आला तो 1980 च्या दशकात, नॉर्वेने तिथे त्याचा पद्धतशीर प्रचार केल्यावर. त्याआधी जपानी लोक सॅल्मन भाजून किंवा खारवून खात. तेव्हा "आजच पकडलेला आहे ना?" हा प्रश्न सुशीच्या दुकानात कामाचा नाही. विचारायचं ते असं: मासा कुठून येतो, गोठवून येतो का, आणि इथे आल्यावर कसा ठेवता?

गोठवलेला म्हटल्यावर नाक मुरडू नका. कच्च्या माशात सूक्ष्म कृमी असू शकतात आणि ते मारायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कडक गोठवण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस किंवा उणे 35 अंशांना गोठवून 15 तास असा आहे. घरच्या फ्रीजरवर यासाठी विसंबू नका. म्हणून म्हापशाच्या बाजारातून इसवण (सुरमई) आणून घरी साशिमी, म्हणजे नुसत्या कच्च्या माशाचे काप, कापायचा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्या. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांचं तर आणखी एक आहे. हे मासे उन्हात थोडा वेळ जरी राहिले, तरी त्यांच्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. इथला बांगडा रवा लावून तव्यावरच खावा, आणि तोही बर्फातला.

विचारायला लाजू नका असं मी म्हणते, त्यामागे गोव्याची स्वतःची सवय आहे. 2018 च्या जुलैमध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन (मासा टिकवायला वापरलं जाणारं घातक रसायन) असल्याचा संशय आला आणि सरकारने काही दिवस बाहेरची मासळी आणण्यावरच बंदी घातली. तेव्हापासून इथला साधा गिऱ्हाईकही जास्तच चौकस झाला. बाजारात बघा, बायका मासळीवालीच्या समोरच कल्ले उचलून आतला रंग बघतात, डोळा उघडा आणि चमकदार आहे का बघतात, अंगठ्याने दाबून खळगा भरून येतो का तेही तपासतात. मासळीवाली त्यावर रागावत नाही. सुशीच्या काउंटरवर तुम्ही हीच चौकशी केलीत, तर चांगला शेफ उलट खूश होतो. जो उडवाउडवी करतो, तिथे शिजवलेलं काहीतरी मागवा.

पावसाळ्यात हे दुप्पट लागू. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात मेन्यूवर "आजचा स्थानिक मासा" दिसला, तर तो कुठला ते विचाराच. शिवाय पावसात वीज जाते, कधी कधी तासन् तास. कच्चा मासा देणाऱ्या ठिकाणी जनरेटर आहे का, हे बघणं म्हणजे चिकित्सकपणा नव्हे, ती आपल्या पोटाची काळजी आहे. गरोदर बायकांनी, अगदी लहान मुलांनी आणि आजारातून उठलेल्यांनी कच्चं खाऊच नये. त्यांच्यासाठी मेन्यूत बाकी भरपूर असतं.

आता खरी पारख. सुशीची पारख माशापेक्षा भातावर होते, हे मला इथल्याच एका काउंटरवर बसून कळलं. शेफ भात लाकडी भांड्यात काढतो, गरम असतानाच त्यावर व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण ओततो आणि लाकडी कालथ्याने कापल्यासारखा हलवत वारा घालतो. तांदूळ आखूड दाण्याचा, आपल्या इंद्रायणीसारखा चिकट, पण प्रत्येक शीत वेगळं दिसतं. मग ओल्या हाताने तो लिंबाएवढा भात उचलतो, दोन-तीन दाबांत त्याला आकार देतो, वर माशाचा तुकडा बसवतो. हातात धरलं तर निगिरी सुटत नाही, तोंडात गेल्यावर मात्र भात विखुरतो. आणि तो भात अंगाएवढा कोमट लागतो. गार, टणक, दाताला खरखरीत लागणारा भात म्हणजे फ्रिजमधून आलेला. असा भात मिळाला, तर पुढची प्लेट मागवू नका, मासा कितीही महाग असो.

दुसरी खूण नोरीची, म्हणजे त्या काळ्या समुद्री शेवाळाच्या पापडीची. गोव्याच्या दमट हवेत नोरी मिनिटांत मऊ पडते. हँडरोल, म्हणजे शंकूसारखा हातात द्यायचा रोल, समोर आला की फोटो नंतर, आधी घास. कुरकुरीत नोरी तुटल्याचा आवाज आला पाहिजे. चिवट, रबरासारखी ओढावी लागणारी नोरी म्हणजे रोल करून ठेवलेला होता. याच कारणाने मी सुशी घरपोच मागवत नाही. मे महिन्यात आसगावहून पर्वरीपर्यंत दुचाकीच्या पेटीतून कच्चा सॅल्मन आणणं मला पटत नाही. घरी मागवायचंच असेल, तर शिजवलेल्या कोळंबीचा किंवा भाज्यांचा रोल मागवा.

खाण्याची रीत अवघड नाही. निगिरी हाताने खाल्ली तर चालते, जपानमध्येही खातात. ती आडवी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवायची, भाताची नाही, नाहीतर भात सगळा सॉस पितो आणि वाटीतच सुटतो. लोणच्यासारखं गुलाबी आलं दोन घासांच्या मध्ये चव पुसायला, सुशीवर ठेवायला नाही. हिरवा वसाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश आणि रंग यांचाच असतो, तो नाकात जातो, तेव्हा मोहरीएवढ्या गोळीने सुरुवात करा.

पहिल्यांदाच जाताय आणि कच्च्याची हिंमत होत नाही, तर टेंपुरा मागवा. कोळंबीचा किंवा भाज्यांचा, पातळ पिठात बुडवून तळलेला. आणि हा पदार्थ गोव्यात खाताना मला एक वेगळंच समाधान मिळतं. पिठात बुडवून तळायची ही पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला नेली असं मानतात, आणि तेव्हा पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी गोवा होती. मलाक्काला सेंट फ्रान्सिस झेवियरला भेटलेला अंजिरो नावाचा जपानी माणूस गोव्यात आला, 1548 मध्ये इथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. पुढच्या वर्षी झेवियर जपानला गेला, तेव्हा अंजिरो सोबत होता. त्या कॉलेजची कमान अजून उभी आहे. बॉम जेझूची बॅसिलिका बघायला जाल, तेव्हा पुढे जाऊन तीही बघा, तिथे गर्दी नसते.

पण मनापासून सांगायचं, तर कोल्हापूर-सांगली-नाशिककडून आलेल्या जिभेला मी सुशीपासून सुरुवात करायला सांगणार नाही. आई-वडील गोव्यात आले आणि त्यांना काहीतरी नवं खायला घालायचं असेल, तर बर्मीज किंवा थाई जेवायला न्या. बर्मीज खाऊ सुएमध्ये नारळाचं दूध, बेसनाने आलेला दाटपणा, वर तळलेला कांदा, लसूण, लिंबू, मिरची ज्याने त्याने आपल्या हाताने घालायची. आमच्याकडच्या आजीलाही ते पहिल्याच घासाला आवडलं. आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर मिळाली तर सोडू नका, भाजलेले दाणे आणि तीळ घालून ती करतात. गोव्यात बर्मीज म्हटलं की बोमराजचं नाव निघतं, शेफ बॉम्रा जाप यांनी कांदोळीत ते नावारूपाला आणलं. चिनी जेवणासाठी पणजीतलं गोएंचिन जुनं आणि भरवशाचं नाव. सुशीसाठी मुंबईच्या वांद्र्यात नाव कमावलेलं इझुमी आसगावातही आलं. मोरजी-आश्वेकडे रशियन मंडळींचा राबता असल्याने तिथल्या कॅफेंमध्ये चीज घातलेले रोल दिसतील. ते जपानी पद्धतीचे नव्हेत, पण मुलांना आवडतात.

चायनीजचा गाडा हा गोव्यातला एशियन जेवणाचा तिसरा प्रकार, आणि तोही कमी लेखू नका. फक्त गोबी मंच्युरियनच्या लालभडक रंगाकडे लक्ष ठेवा. 2024 मध्ये म्हापसा पालिकेने कृत्रिम रंग आणि स्वच्छतेच्या कारणावरून स्टॉलवरच्या गोबी मंच्युरियनला मनाई केली, त्याआधी 2022 मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहातही या स्टॉलना आवर घालण्याची सूचना अन्न प्रशासनाने दिली होती. तपकिरी, फिकट दिसणारी प्लेट बहुधा बरी.

शाकाहाऱ्यांनी आणि उपवासाचे वार पाळणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. "व्हेज" लिहिलेलं असलं, तरी एशियन स्वयंपाकघरात मासे न दिसता येतात. मिसो सूपच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी सूपच्या) पाण्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. थाई करीच्या वाटणात सुकट असते, भाज्यांच्या परतण्यात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतो, किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीतही, फिश सॉस असतो. रोलवरच्या मेयोनीजमध्ये अंडं. भाज्यांचा टेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळलेला असू शकतो. म्हणून "व्हेज आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर कायम "हो" येतं. "यात फिश सॉस, ऑयस्टर सॉस, दाशी, अंडं आहे का, आणि तेल वेगळं आहे का?" असं नावं घेऊन विचारा. टेबल सांगतानाच फोनवर सांगितलंत, तर बरीच ठिकाणं वेगळं करून देतात. अशा बऱ्याच स्वयंपाकघरांत मणिपूर, नागालँड, दार्जिलिंगकडची मुलं काम करतात. श्रावण म्हणजे काय ते त्यांना माहीत असायचं कारण नाही, पण पदार्थाचं नाव घेऊन विचारलं की ती प्रामाणिकपणे सांगतात. गव्हाचं चालत नसेल, तर साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, तेही लक्षात ठेवा.

वेळेचं गणित इथे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं आहे. उत्तर किनाऱ्यावरची बरीच ठिकाणं मेअखेरीपासून बंद होतात आणि ऑक्टोबरच्या आसपास उघडतात. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, दुपारी तीन-साडेतीननंतर स्वयंपाकघर मिटतं. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तर टेबलाची आशाच सोडा. इथे राहणाऱ्यांनी नोव्हेंबर आणि फेब्रुवारी साधावा, तेव्हा शेफही निवांत असतो आणि काउंटरवर जागा मिळते.

बिल आलं की नजर टाका. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 5 टक्के जीएसटी, मोठ्या तारांकित हॉटेलांत 18 टक्के लागू शकतो. दारूवर जीएसटी नसतो, तिचा कर वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. सेवा आवडली तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात स्वतः पैसे द्या आणि कोंकणीत "देव बरें करूं", म्हणजे धन्यवाद, म्हणा, चेहरा खुलतो.

आणि परतायचं आधी ठरवून निघा. इथे ओला-उबर नाही. गोवामाइल्सचं ॲप आहे, पण रात्री शिवोली-आसगावच्या आतल्या वाटांवर गाडी मिळेलच असं नाही. पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींची टॅक्सी, दिवसाचीच समजा, आणि कदंबची बस संध्याकाळनंतर विरळ होते. साके (तांदळाची जपानी दारू) किंवा बीअर घेणार असाल, तर घरातल्या एकाने न पिता गाडी चालवायची हे जेवायला बसण्याआधी ठरू द्या. नाहीतर येणाऱ्या टॅक्सीवाल्याशीच परतीचं भाडं आणि वेळ बोलून घ्या, त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा.