ला पाझमध्ये एकट्याने: आधी उंची, मग बाकीचं

बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ वर एल आल्तोला आहे, सुमारे ४,०६० मीटरवर. शहराचा मध्य ३,६०० मीटरच्या आसपास, तर दक्षिणेकडची सोना सूर ही वस्ती त्याहून तीन-चारशे मीटर खाली. म्हणजे विमानातून पाऊल बाहेर टाकताच तुमच्या वाट्याला शहरातली सर्वांत विरळ हवा येते. जोडीला कुणी असेल तर तुमचा तोल जातोय हे त्याच्या लक्षात येतं. एकट्याला ते स्वतःचं स्वतः ओळखावं लागतं.

हातात दिवस असतील तर आधी सुक्रे (सुमारे २,८०० मीटर) किंवा कोचाबांबा (सुमारे २,५५० मीटर) इथे दोन-तीन रात्री काढून मग वर या. थेटच यायचं असेल तर अ‍ॅसिटाझोलामाइड या उंचीचा त्रास टाळण्याच्या गोळीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. ही गोळी साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका.

पहिल्या दिवशी सामान खोलीवर टाका आणि सपाट रस्त्यावर अर्धा तास हळू चाला, बास. दारू नको, रात्री पोटभर जेवणही नको, कारण इथे पचन मंदावतं. डोकं दुखणं, झोप न लागणं, मळमळ याला तिथे सोरोख्ची म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. चहा जरूर घ्या, पण तो प्यायलो म्हणजे औषध झालं असं समजू नका. पानं मात्र देशाबाहेर नेऊ नका. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे.

रोज सकाळी एक चाचणी करा: एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चाला. तोल गेला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर झोपून बघू म्हणू नका. लगेच खाली कुणाला तरी सांगा, ऑक्सिजनची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि कमी उंचीवर जायची तयारी करा. म्हणूनच खोली घेताना रात्रभर माणूस असलेलं स्वागतकक्ष आहे का, हे नाश्त्यापेक्षा आधी विचारावं. सोपोकाची भाग फिरायला सोयीचा, सोना सूर झोपायला. चौथ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली स्वस्त खोली इथे महागात पडते.

दिशा समजायला नकाशापेक्षा उतार बरा. शहर दरीत आहे आणि एल प्रादो हा मुख्य रस्ता दरीच्या तळाने जातो. मध्यभागी चुकलात तर उताराच्या बाजूने चालत राहा, बहुधा त्याच्याच जवळ पोचाल. आभाळ स्वच्छ असेल तर इयिमानीचं बर्फाळ शिखर दिसतं. ते आग्नेयेला आहे.

वाहतुकीत केबल कारला तोड नाही. ‘मी तेलेफेरिको’ नावाची ही सेवा २०१४ पासून चालू आहे. पिवळ्या लाइनने सोपोकाचीहून लिबेर्तादोर, तिथे हिरवी पकडून सोना सूर: शहराची घडण एका फेरीत कळते. लाल लाइन एल आल्तोला जाते. गुरुवारी आणि रविवारी तिथे प्रचंड बाजार भरतो. त्या गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

मिनीबसच्या काचेवर ठिकाणांच्या पाट्या असतात आणि वाहक ‘प्रादो, प्रादो, पेरेस!’ असं ओरडत असतो. उतरायचं असलं की मोठ्याने ‘एस्किना, पोर फावोर’ म्हणा, म्हणजे कोपऱ्यावर थांबवतात. पुटपुटलात तर गाडी दोन चौक पुढे जाते. सुटे पैसे हातात हवेतच. एटीएममधून शंभर-दोनशे बोलिव्हियानोच्या नोटा येतात, त्या सुपरमार्केटात मोडा. फाटकी नोट कुणी घेत नाही, तेव्हा तुम्हीही घेऊ नका.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं दार उघडण्यापूर्वी ठरवा. रात्री हॉटेलकडून रेडिओ टॅक्सी बोलवा आणि गाडीत आधीच कुणी बसलेलं असेल तर चढू नका. नकली पोलिसांचा डाव जुना आहे: आधी एखादा ‘पर्यटक’ गप्पा मारतो, मग साध्या कपड्यांतला माणूस ओळखपत्र दाखवून पासपोर्ट आणि पैसे तपासायला मागतो, गाडीत बसा म्हणतो. त्याला फक्त पासपोर्टची झेरॉक्स दाखवा, चालत ठाण्यावर येतो म्हणा, आणि जवळच्या दुकानात शिरा. अंगावर कुणी काही सांडलं तर पुसून द्यायला आलेल्यापासूनही असंच लांब व्हा.

नळाचं पाणी पिऊ नका. दुपारी ‘अल्मुएर्सो’ म्हणून सूप आणि मुख्य पदार्थ एकत्र मिळतात. एकट्या माणसाला ते परवडतं आणि दिवसाचं भारी जेवणही वेळेत होतं.

परतीच्या आदल्या संध्याकाळी ‘ब्लोकेओ’ आहे का, हे हॉटेलात विचारा. आंदोलक रस्ते अडवतात तेव्हा विमानतळाची टॅक्सी मध्येच थांबते. अशा वेळी केबल कार चालू असेल तर तिने एल आल्तोपर्यंत चढता येतं, म्हणून बॅग स्वतःला उचलता येईल एवढीच ठेवा.