पिस्तूल नेमबाजीचा नियमित सराव : काडतुसांचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्या २५ मीटर पिस्तूल नेमबाजीकडे वळणाऱ्या हौशी खेळाडूला पिस्तुलाच्या किमतीची धास्ती असते. पण पिस्तूल एकदाच घ्यावे लागते आणि काडतुसे मात्र सराव चालू असेपर्यंत घेतच राहावी लागतात. स्वस्त काडतुसांविषयी इंटरनेटवर सल्ल्यांची कमतरता नाही, मात्र त्यातील बहुतेक सल्ले अमेरिकेतील आणि ९ मिमी काडतुसांविषयीचे असतात. भारतात ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचा आतील व्यास) असल्यामुळे सामान्य नेमबाजाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. आपल्याकडे सरावासाठी पॉइंट २२ (०.२२ इंची) लाँग रायफल हेच परवडणारे काडतूस आहे; नावात रायफल असली तरी ते पिस्तुलातही चालते. सेंटर फायर प्रकारासाठी (ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आदळते) लागणारे पॉइंट ३२ त्याहून बरेच महाग पडते, त्यामुळे पॉइंट २२ वर हात पक्का झाल्याशिवाय तिकडे वळू नये.

सुरुवात दुकानापासून नव्हे, तर परवान्यापासून करावी. काडतुसे केवळ अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडून आणि स्वतःच्या शस्त्र परवान्यावरच घेता येतात. हा परवाना पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि इतर ठिकाणी जिल्हाधिकारी देतात. वर्षभरात किती काडतुसे घेता येतील आणि एका वेळी किती जवळ बाळगता येतील, या दोन्ही मर्यादा परवान्यावर नोंदलेल्या असतात, तेव्हा त्या नीट वाचून घ्याव्यात. नेमबाजांना सरावासाठी मिळणाऱ्या काडतुसांची मर्यादा केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बरीच वाढवली आहे. आपल्या परवान्यावर जुनाच आकडा राहिला असेल, तर तो बदलून घेण्याविषयी परवाना शाखेत चौकशी करावी. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याने मुंबईतील वरळी, पुण्यातील बालेवाडी किंवा कोल्हापुरातील दुधाळी यांसारख्या रेंजवर जाऊन, तेथील क्लबची शस्त्रे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कोणत्या अटींवर वापरता येतात, हे विचारावे. समाजमाध्यमांवर ‘घरपोच काडतुसे’ देऊ करणारी जाहिरात दिसली, तर ती फसवणूक तरी असते किंवा गुन्हा तरी, आणि दोन्हींत नुकसान घेणाऱ्याचेच होते.

त्यानंतर हिशेब मांडावा. पॉइंट २२ ची पेटी साधारणपणे ५० काडतुसांची असते आणि अशा १० पेट्यांचा ५०० चा गठ्ठा येतो. पेटीवरच्या किमतीत कर आणि वाहतूक मिळवून एका काडतुसाचा भाव काढावा, कारण दोन विक्रेत्यांमधील खरा फरक तिथेच उघडा पडतो. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला स्पर्धेइतक्या म्हणजे ६० गोळ्या झाडल्या, तर वर्षाला ९,३६० काडतुसे लागतात. एका काडतुसामागे दोन रुपये वाचले, तरी वर्षाअखेरीस अठरा हजारांहून अधिक रक्कम हाती राहते.

आता कोणत्या दर्जाचे काडतूस घ्यावे, हा प्रश्न येतो आणि बहुतेकांचे पैसे नेमके इथेच वाया जातात. एली, आरडब्ल्यूएस, एसके यांसारख्या कंपन्या साध्या सरावापासून अव्वल स्पर्धेपर्यंत निरनिराळ्या दर्जाची काडतुसे बनवतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. त्यांतील सर्वांत महागडी काडतुसे मुख्यतः ५० मीटर रायफलीसाठी असतात, कारण तेथे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचे असते. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकता फेरीत हेच वर्तुळ ५० मिमीचे असून गोळीची कड त्याला टेकली तरी गुण मिळतो. म्हणजेच, एखादे मध्यम किमतीचे काडतूस तुमच्या पिस्तुलातून ३० मिमीच्या आत गोळ्या टाकत असेल, तर नऊ किंवा आठ गुण पडण्याचे खापर त्या काडतुसावर फोडता येणार नाही.

ही परीक्षा प्रत्येकाने स्वतः करावी. तीन-चार प्रकारांची एकेक पेटी घ्यावी, रेंजवर मेजाशी बसून मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवावे आणि प्रत्येक प्रकाराच्या दहा गोळ्या वेगवेगळ्या टारगेटवर झाडाव्यात. प्रकार बदलताना सुरुवातीच्या काही गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण प्रत्येक कंपनीचे वंगण निराळे असते आणि नळीला ते सरावायला थोड्या गोळ्या जाव्या लागतात. मग सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजावे. उरलेली काडतुसे पाच-पाच करून मॅगझिनमधून (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या खोक्यातून) जलद झाडून पिस्तूल कुठे अडते का, हेही पाहावे. जलद फेरीत, म्हणजे जिथे प्रत्येक गोळी तीन सेकंदांत झाडावी लागते तिथे, पिस्तूल अडकवणारे काडतूस कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. त्याचप्रमाणे ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणजे जादा वेगाच्या काडतुसांच्या वाटेला जाऊ नये. स्पर्धेची पिस्तुले स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी (नेहमीच्या वेगासाठी) बनवलेली असतात आणि जादा वेगाने झटका व झीज यांखेरीज काहीही मिळत नाही.

एवढे करूनही खरी मोठी बचत काडतुसाच्या भावात नसते, तर कोणत्या सरावासाठी काडतूस खर्ची घालायचे, हे ठरवण्यात असते. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्याचे छर्रे डब्यातून शेकड्यांनी मिळतात आणि काडतुसाच्या तुलनेत किरकोळ किमतीत पडतात. शिवाय १० मीटरवर दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे असल्यामुळे चूक लपायला जागा उरत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा : एअर पिस्तुलाचा चाप (तो ओढायला लागणारा जोर) किमान ५०० ग्रॅमचा, तर २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. हलक्या चापाची सवय जड चापावर घात करते, म्हणून सरावापुरता एअर पिस्तुलाचा चाप जड करून घेता येत असेल, तर अवश्य घ्यावा.

कोरा सराव, ज्याला रेंजवर सगळे ड्राय फायर म्हणतात, तर फुकटच असतो. ४५ अंशांवरून हात उचलणे, साइट (नेम धरण्याची खूण) स्थिर होणे आणि तीन सेकंदांत चाप सुटणे, ही जलद फेरीतील सगळी हालचाल काडतुसाशिवाय घोटवता येते. त्याआधी मॅगझिन आणि चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. पॉइंट २२ चे पिस्तूल रिकामे असताना तसेच झाडले, तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळते. त्यामुळे पिस्तुलात ड्राय फायरची सोय नसेल, तर नकली काडतूस वापरावे. आठवड्यातील दोन खेपा एअर पिस्तुलावर व कोऱ्या सरावावर घेतल्या आणि एकच खेप काडतुसांची ठेवली, तर ९,३६० चा आकडा ३,१२० वर येतो. भाव करून एवढी बचत कोणताही विक्रेता देणार नाही.

काडतुसांच्या त्या एका खेपेतही थोड्या काडतुसांत पुष्कळ शिकता येते. मॅगझिन सहकाऱ्याला भरायला सांगावे आणि त्यात त्याने मधेच एखादे नकली काडतूस घालावे. नकली काडतूस आले की आवाज होत नाही, झटका बसत नाही. पण झटक्याच्या भीतीने मनगट आधीच दाबले गेले असेल, तर पिस्तुलाचे तोंड खाली झुकलेले स्पष्ट दिसते. पन्नास खऱ्या गोळ्यांच्या आवाजात न सापडणारा दोष अशा एका गोळीत सापडतो.

पसंत पडलेले काडतूस एकदम आणि एकाच लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या मालातले) घ्यावे, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक निघतो. क्लबने मिळून मागणी नोंदवली, तर भावात सवलत मागता येते, मात्र प्रत्येकाने आपापली काडतुसे आपल्याच परवान्यावर उचलावीत. मित्राच्या नावावर घेऊन परस्पर वाटून घेणे कायद्याला मान्य नाही. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरण्याचा विचार पॉइंट २२ च्या बाबतीत सोडून द्यावा, कारण तिचा स्फोटक थर कडेच्या पोकळीत असतो आणि एकदा पिन आदळली की ती कड चेपते.

काडतुसे मूळ पेटीत, सिलिका जेलसह, हवाबंद डब्यात, कुलूपबंद कपाटात ठेवावीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे. जुनी पेटी आधी संपवावी. दमट झालेले काडतूस न उडाल्यास पिस्तुलाचे तोंड टारगेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबावे, मग ते काडतूस बाहेर काढून रेंज अधिकाऱ्याच्या हवाली करावे. एकाच पेटीतील दोन-तीन काडतुसे अशी निघाली, तर लॉट क्रमांक टिपून ती पेटी विक्रेत्याला परत दाखवावी.