१९१५ च्या आधीच्या अमेरिकन गाडीचे जुने मालक कसे शोधायचे

एवढी जुनी गाडी विकायला आली की सोबत एक गोष्ट येतेच, अमक्या शर्यतीत पळाली, तमक्या सिनेटरकडे होती वगैरे. ऐकून घ्या, लिहून ठेवा, पण त्यावर पैसे मोजू नका. आधी लोखंड बघायचं, मग कागद, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे थॉमस फ्लायर. १९०८ ची न्यूयॉर्क ते पॅरिस शर्यत जिंकलेली हीच गाडी, १२ फेब्रुवारीला टाइम्स स्क्वेअरहून निघाली आणि ३० जुलैला पॅरिसला पोचली. बफेलो शहरातली, ही गाडी बनवणारी थॉमस कंपनी पुढे काही वर्षांतच बुडाली, १९१३ मध्ये सामानाचा लिलाव झाला, त्यात ही गाडीही गेली, मग हात बदलत लाँग आयलंडच्या ऑस्टिन क्लार्कच्या म्युझियममध्ये आली आणि १९६४ ला जुन्या गाड्या जमवणाऱ्या बिल हॅराने घेतली. आता ही खरंच तीच का? हॅराने थेट जॉर्ज शूस्टरलाच बोलावलं, शर्यतीत गाडी पॅरिसला नेणारा तोच, तेव्हा नव्वदी ओलांडलेला. त्याला आधी पटेना. पण गाडी खोलल्यावर त्याने स्वतः वाटेत केलेल्या दुरुस्त्या दिसल्या आणि मग त्याने ओळखली. आज ती नेवाडातल्या रेनो शहराच्या म्युझियममध्ये आहे.

म्हणून तुम्हीही पहिल्या दिवशी पॉलिश, सँडपेपर, वायर ब्रश काही लावू नका प्लीज. रॉकेलचा बोळा घेऊन ग्रीस हळू पुसा, टॉर्च बाजूने तिरका धरा आणि ठोकलेल्या आकड्यांवर खडू फिरवा, पुसट नंबर पण उठून दिसतो. चासी (खालचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळीकडचे नंबर वेगवेगळे लिहा, सीटखालचं लाकूड पण बघा, बॉडी बनवणाऱ्यांचे नंबर तिथे असू शकतात. डॅशबोर्डवर डीलरची पितळी पट्टी असेल तर लॉटरीच लागली, गाव आणि दुकान दोन्ही मिळालं. आजच्या गाड्यांवरचा सतरा अक्षरी ओळख नंबर (VIN) शोधत बसू नका, तो १९८१ पासूनचा. आणि इंजिनाचा नंबर जुळला म्हणजे अख्खी गाडी जुळली असं नाही, त्या काळी इंजिनं आणि बॉड्या सर्रास बदलायचे.

मग कागद, आणि ते आजपासून मागे मागे जात बघायचे. विकणाऱ्याकडे त्याची स्वतःची खरेदीची पावती मागा, तिच्यावरच्या नावाकडून त्याच्या आधीची. सुरुवातीला नोंदणीचा कारभार राज्याराज्यात वेगळा होता, न्यूयॉर्कने १९०१ ला सुरू केली पण तेव्हा मालक स्वतःच आपली आद्याक्षरं गाडीवर लावायचे, नंबरच्या सरकारी पाट्या मॅसॅच्युसेट्सने १९०३ पासून दिल्या. त्यामुळे जुन्या फोटोत पाटी दिसली की राज्य आणि साल बऱ्यापैकी पकडता येतं.

नाव मिळालं की गावाची त्या वर्षीची सिटी डिरेक्टरी काढा, त्यात पत्ता आणि धंदा असतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट ठेवलीत, तिथे मालकाचं नाव आणि मेक (गाडीची कंपनी) एकत्र टाकून शोधा, कारण छोट्या गावात कोणी मोटार घेतली की ती बातमीच व्हायची. मालक वारला असेल तर काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टात मालमत्तेची यादी मिळू शकते, त्यात कधी गाडी पण असते. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीची एएसीए (जुन्या गाड्यांचा अमेरिकन क्लब) लायब्ररी आणि डेट्रॉइट पब्लिक लायब्ररीचा मोटारींचा संग्रह, या दोन्हीकडे मेल टाकाच, मेक, अंदाजे साल आणि नंबरांचे फोटो जोडून.

मध्ये दहा-वीस वर्षं कोणाकडे होती ते सापडणार नाही, तर तिथे "माहिती नाही" असंच लिहा, अंदाजाने नाव घुसडू नका, पुढचा माणूस तेच खरं धरून चालतो.

जुन्या मालकाच्या नातवंडांना फोन लावाल तेव्हा लगेच किमतीचा विषय काढू नका, आधी फोटो मागा, आणि फोटोची मागची बाजू पण स्कॅन करून मागा, नाव आणि साल बरेचदा तिथे पेन्सिलने लिहिलेलं असतं.